बळीकाकांच्या वहीतले ‘येतो’

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला क्षितिजापुढे दोन कामं होती आणि दोन्हींचा तिला सारखाच कंटाळा आला होता. एक, क्ष-किरण विभागाचे फोटो बाहेर का जात नाहीत ते शोधायचं. दोन, उमंगच्या अहवालावर सही करायची. पहिल्या कामाला अर्धा दिवस लागणार होता, दुसऱ्याला चार सेकंद. शहाण्या माणसानं आधी सही करून टाकली असती. क्षितिजानं अहवाल उपडा घातला, त्यावर चहाचा रिकामा कप ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

वसईतल्या एका ट्रस्टच्या ऐंशी खाटांच्या इस्पितळात ती नेटवर्क सांभाळायची. सांभाळायची म्हणजे काय, तर इंटरनेट बंद पडलं तरी तिलाच हाक, प्रिंटर रुसला तरी तिलाच, आणि एकदा तर बाळंतिणीच्या वॉर्डातला पंखा. ‘वायर आहे ना मॅडम, मग तुमचंच!’ तिची खोली जिन्याखाली होती आणि भिंतीपलीकडे शवागार. भिंत बारा महिने गार असायची. पहिल्या वर्षी तिला त्या गारव्याची भीती वाटायची. आता पाठ दुखायला लागली की ती बिनदिक्कत तिथंच टेकायची. नोकरी माणसाला कशाकशाची सवय लावते!

आत इस्पितळाचे शंभरेक कॉम्प्युटर आणि बाहेर सगळं जग, यांच्या मध्ये एक पेटी असते. तिला फायरवॉल म्हणतात. ती राखणदार. तिला पासष्ट हजारांवर दारं, आणि प्रत्येक दाराला नंबर. इंजिनियर लोक त्यांना पोर्ट म्हणतात, पण इस्पितळात सगळे दारच म्हणायचे, कारण बळीकाका दार म्हणायचे. क्ष-किरणाचा फोटो एका दारानं पुण्याच्या डॉक्टरांकडे जातो, रक्ताचे निकाल दुसऱ्या दारानं, मेल तिसऱ्या. कोणतं दार उघडं ठेवायचं, कोणतं बंद, आणि आतून बाहेर की बाहेरून आत, हे ठरवणं म्हणजेच राखणदारी.

बळीकाका म्हणजे बळीराम, मुक्काम चांदीप. अकरा वर्षांपूर्वी जुनी पेटी त्यांनीच बसवली आणि दोन वर्षांपूर्वी रिटायर होईपर्यंत पोटच्या पोरासारखी सांभाळली. केसपेपरच्या खिडकीवर बसणाऱ्या क्षितिजाला हाताला धरून हे काम शिकवलं तेही त्यांनीच. जाताना पेटीचा पासवर्ड त्यांनी बंद पाकिटात घालून ट्रस्टच्या कार्यालयाला दिला. मग कार्यालय नव्या इमारतीत हललं. कपाटं हलली, खुर्च्या हलल्या, एका माजी अध्यक्षांची तसबीरही हलली. पाकीट तेवढं हललं नाही. ते कुठं गेलं हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल कोणाला पत्र वगैरेही गेलं नाही.

जानेवारीत जुनी पेटी मधेमधे लटकायला लागली. ट्रस्टनं अंधेरीच्या एका कंपनीला बोलावलं आणि कंपनीनं उमंगला पाठवलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. पासवर्ड नाही म्हटल्यावर जुन्या पेटीत काय नियम आहेत ते त्याला कळेना. तेव्हा क्षितिजानंच त्याला बळीकाकांची वही काढून दिली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. वर लिहिलेलं: ‘दारे’. आत टपोऱ्या अक्षरात दाराचा नंबर, ते कोणाचं, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द. काहींपुढे ‘थांब’. चौदा नंबरांपुढे ‘येतो’.

उमंगनं वही वाचली आणि डोक्याला हात लावला. थांब म्हणजे बंद, हे ठीक. येतो म्हणजे बाहेरून आत येतो. म्हणजे या माणसानं बाहेरच्या जगाला आत शिरायला चौदा दारं सताड उघडी ठेवली होती, अकरा वर्षं! बुधवारी त्यानं नवी पेटी बसवली, ती चौदाही दारं बंद केली, बाहेर जायला फक्त वेबसाइटपुरती दोन दारं ठेवली आणि अहवाल लिहिला. त्यात ‘गंभीर निष्काळजीपणा’ हे शब्द ठळक अक्षरात होते. सोमवारी अकराला ट्रस्टची बैठक होती. अहवाल मंजूर झाला की बळीकाकांना पत्र जाणार, आणि पत्र गेलं की नियमाप्रमाणे त्यांचं निवृत्त कर्मचाऱ्याचं कार्ड रद्द. त्या कार्डावर त्यांची बायको, सावित्रीकाकी, आठवड्यातून दोनदा याच इस्पितळात डायलिसिसला यायची.

फक्त खाली एक सही हवी होती. ‘तपासले, बरोबर आहे.’ इस्पितळात दारांतलं कळणारं माणूस एकच, म्हणून सही क्षितिजाची.

“मॅडम, फॉर्मॅलिटी आहे हो,” उमंग सकाळीच म्हणाला होता. “मी काकांना स्वतः फोन करून विचारलं. म्हटलं, काका, वहीत येतो लिहिलंय ते सगळं येतोच ना? ते बोलले, हो हो, येतो. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. आणि एक तारखेपासून इथलं काम आमच्या कंपनीकडे, तुम्ही आमच्याच पगारावर येताय. उगाच का लफडा?”

लफडा तिलाही नको होता. तिला झोप हवी होती. बुधवारपासून क्ष-किरणवाले तिच्या नावानं बोटं मोडत होते, फोटो सीडीत भरून कुरिअरनं पुण्याला पाठवत होते, आणि जिन्यावरून जाणारा प्रत्येक जण खाली वाकून विचारत होता, ‘झालं का?’

तिनं घरी, नालासोपाऱ्याला, मुलीला फोन लावला.

“अनू, जुना कॉम्प्युटर चालू कर. आणि बंद करू नकोस.”

“मम्मी, आज शनिवार आहे.”

“मला माहितीये वार कोणता आहे ते.”

चाचणी तशी सोपी असते, फक्त जीव खाते. घरच्या कॉम्प्युटरला तिनं शिकवून ठेवलं होतं, की कुठल्याही नंबरावर हाक आली की ‘ओ’ द्यायची. मग इस्पितळातून एकेका दारानं त्याला हाक मारायची. ‘ओ’ आली तर दार उघडं. पेटीनं तोंडावर ‘नाही’ म्हटलं तर बंद. आणि काही पेट्या काहीच म्हणत नाहीत. हाक गिळतात आणि गप्प बसतात. उमंगची नवी पेटी त्यातली होती. तोंडावर नाही म्हणणारा परवडला, गप्प बसणाऱ्यापुढे माणूस नुसता ताटकळतो, हे क्षितिजाचं पेट्यांविषयीचं मत होतं आणि सासरच्या मंडळींविषयीचंही. अनूचे बाबा हयात असते तर त्यावर भांडले असते.

वेबसाइटच्या दोन्ही दारांवर ‘ओ’ आली. क्ष-किरणाचं दार, एकशे चार: गप्प. रक्ताच्या निकालांचं: गप्प. मेल: गप्प. तिनं आठवड्याभराच्या तक्रारी पुढे घेतल्या आणि प्रत्येक तक्रारीचं दार तपासलं. अकरा दारं गप्प. मग सवयीनं ती वही उघडून अकराही नंबरांवर पेन्सिलनं टिंब देत गेली.

अकराच्या अकरा नंबरांपुढे बळीकाकांनी ‘येतो’ लिहिलं होतं.

तिनं नंबर पुन्हा जुळवून पाहिले. रक्ताचे निकाल आपण बाहेर पाठवतो. ते बाहेरून आत येतील कशाला? पुण्याचे डॉक्टर आपल्याला फोटो पाठवत नाहीत, आपण त्यांना पाठवतो. हे सगळे जाणारे. मग काकांनी येतो का लिहिलं? एखाद्या ठिकाणी चूक होईल, अकरा ठिकाणी? तिचं डोकं चालेना. ती चहा प्यायला फाटकावर गेली.

फाटकावर टोनी वॉचमन होता. पलीकडच्या सांडोरचा, केस पिकलेले, गळ्यात क्रूस. डिस्चार्ज मिळालेल्या एका म्हातारबाबांना त्यांचा मुलगा रिक्षात बसवत होता.

“चला टोनी अंकल, जातो आम्ही,” मुलगा म्हणाला.

“ए बाबा!” टोनी खेकसला. “इस्पितळात जातो नाय बोलायचा! येतो बोल, येतो!”

“सॉरी अंकल. येतो.”

“हां. पण आजारी होऊन नको येऊ.”

रिक्षा गेली. चहावाल्यानं दोनदा विचारलं, साखर कमी ना, आणि क्षितिजा नुसतं ‘येतो’ एवढंच पुटपुटली.

निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे मराठी घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बाहेर पडणारा तो ‘येतो’. क्षितिजा स्वतः जन्मभर तेच म्हणत आली होती. पण शब्द नंबरांच्या शेजारच्या रकान्यात जाऊन बसला की तो शब्द राहत नाही, त्याची खूण होते, आणि खुणेला कोणी घरातला अर्थ लावत नाही. ध चा मा करायला निदान एक अक्षर बदलावं लागलं होतं. इथं तो एकही अक्षर न बदलता झाला होता. आणि ती वही दोन वर्षं तिच्याच टेबलावर होती, याची तिला मनापासून लाज वाटली.

तिनं तिथूनच उमंगला फोन केला. तो हसला. वाईट नाही हसला, पण हसला.

“मॅडम, क्या बात है! कविता झाली ही. पण बैठकीत मी काय सांगू, काका बाय-बाय करत होते? काकांनी फोनवर कन्फर्म केलंय. प्रूफ पाहिजे ना.”

“जुन्या पेटीत आहे प्रूफ.”

“पेटीत जायला पासवर्ड कुठेय? आणि रीसेट केली तर सगळंच पुसलं जाईल.”

“आत कशाला जायला हवं? बाहेरून दार वाजवून कळतं, उघडं आहे की नाही.”

“सगळी? पासष्ट हजार?”

“सगळी,” ती म्हणाली.

मोडक्या सलाइन स्टँडांच्या गर्दीतून तिनं जुनी पेटी काढली, धूळ पुसली, राखीव ठेवलेल्या इंटरनेटच्या लाइनला जोडली. ही पेटीही गप्प बसणाऱ्यांतली. एका वेळी दहा हाका आणि प्रत्येकीला दोन सेकंद, असा हिशोब केला तर साडेतीन तासांच्या वर. आणि पेटी तापली की तीन तासांत लटकायची, नियमानं. क्षितिजानं विचार केला, टेबल भिंतीकडे ओढलं आणि पेटी शवागाराच्या भिंतीला पाठ लावून ठेवली. वरून टेबलफॅन सोडला. पलीकडे जे कोणी असेल त्याची तिनं मनातल्या मनात माफी मागितली. घरच्या कॉम्प्युटरवरून उलटी हाकही चालू केली: बाहेरून आत, दारोदार. सव्वातीन वाजले होते.

मग नुसतं बसणं. पडद्यावर नंबर सरकत होते. ‘ओ’ आली की ती वहीत बरोबरची खूण करायची. एकशे चार: ओ. क्ष-किरण, बरोबर. मेल, बरोबर. रक्ताचे निकाल, बरोबर. मधे तिला दोनदा डुलकी लागली. एकदा मेट्रन येऊन विचारून गेल्या, आमचा प्रिंटर कधी बघताय. बळीकाका असते तर म्हणाले असते, ‘प्रिंटरला सांगा, शांत व्हा, मंग येतो.’ त्या माणसाच्या तोंडी जाणं हा शब्दच नव्हता. इस्पितळात ‘गेला’चा अर्थ एकच, आणि त्यांची खुर्ची तर या भिंतीला लागून. केसपेपरच्या मुलींनाही ते रागवायचे, ‘पेशंट गेला नाय बोलायचं, घरी सोडला बोला.’ हे सगळं तिला माहीत होतं. माहीत असून तिनं वही उमंगच्या हातात दिली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही, कारण तेव्हाही ती दमलेलीच होती.

साडेआठ हजारांच्या पुढे कुठेतरी पुन्हा ‘ओ’ आली. आठ हजार पाचशे चोपन्न. तिनं वहीत बोट फिरवलं. नव्हता. पुन्हा फिरवलं. चौदांमध्ये असा नंबरच नव्हता. तिनं त्या एकाच दाराला हातानं हाक मारली. ‘ओ.’

सातला पाच कमी असताना चाचणी संपली. पेटी लटकली नाही. बाहेरून आत यायला एकही दार उघडं नव्हतं, सगळं चिडीचूप. आतून बाहेर मात्र वहीतली चौदाच्या चौदा दारं उघडी होती. येतो म्हणजे जातो, हे सिद्ध झालं. आणि एक पंधरावं दारही उघडं होतं, ज्याची वहीत नोंद नव्हती.

तिला रडू यायचं बाकी राहिलं. चौदा दारांची निंदा खोटी ठरवायला बसावं आणि पंधराव्याची खरी निघावी! नोंद न करता उघडलेलं दार म्हणजे निष्काळजीपणाच, त्याला दुसरा शब्द नाही. उमंगला हेच हवं असणार. तिनं निकालाच्या यादीतली ती ओळ कर्सरनं निळी केली. एक कळ दाबली की ओळ नाही. कोणी विचारणार नव्हतं. बोट कळीवर ठेवून ती जरा वेळ बसली, मग तिनं यादी तशीच छापून वहीत घातली आणि घरी गेली. काकांना कमी ऐकू यायचं, तेव्हा फोनवर विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांना फोनवर किती ऐकू येतं ते आता सगळ्यांना कळलंच होतं.

रविवारी सकाळी विरारहून बस पकडून ती चांदीपला उतरली. बळीकाका ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. सावित्रीकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डाव्या हाताला पट्टी, चेहरा सुजट. क्षितिजाला बघून त्या उठायला लागल्या तशी क्षितिजाच त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. मोठ्यानं, थांबत थांबत. अहवाल, पत्र, कार्ड.

कार्डाचं ऐकून काकींचा उजवा हात डाव्या हातावर गेला. पट्टीवरची सुटलेली चिकटपट्टी दाबून बसवत राहिल्या.

“आता कलला,” बळीकाका म्हणाले. “त्या पोरानं इचारलं, येतो म्हंजे येतोच ना? मी बोल्लो हो हो. मंग मला वाटलं त्यानं निरोप घेतला, तं मी पन बोल्लो, येतो. आनि फोन ठेवला.” ते हसले नाहीत. “तिथं बसून मी ‘जातो’ लिवू? भितीच्या पल्याड कोन असतं, तुला म्हाईत नाय?”

“माहितीये काका. चुकलं माझं. मला आधीच कळायला हवं होतं.”

“चौदा दारा. पैल्यापासून बोलून दाखवू?”

“नको. चौदा जुळली.” तिनं छापील यादी पुढे केली. “हे पंधरावं. आठ हजार पाचशे चोपन्न. हे वहीत नाही काका. हे कोणासाठी उघडलंत?”

बळीकाकांनी यादी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“वहीत नाय? दार उघडून मी लिवलं नाय, असं व्हईल? आन ती इकडं.”

त्यांनी वही उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्याकडून उघडली. अगदी शेवटचं पान. मधली शंभरेक पानं कोरी होती, ती ओलांडून तिथवर ना उमंग गेला होता ना क्षितिजा. पानावर एकच ओळ होती. नऊ वर्षांपूर्वीचा जून महिना. नंबर, ८५५४. ‘कोणाचं’ हा रकाना रिकामा. आणि शेवटी, त्याच टपोऱ्या अक्षरात:

‘येते.’

क्षितिजाला आधी वाटलं, घाईत मात्रा चुकली. मग तिला आठवलं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या आईला पक्षाघात झाला होता. नालासोपाऱ्याच्या घरात आई दिवसभर खाटेवर, अनू शाळेत, शेजारीण येऊन-जाऊन. क्षितिजा केसपेपरच्या खिडकीवर, तिथं मोबाईलला बंदी. तिनं घरात एक कॅमेरा लावला होता, पण तो बघणार कशावर? एकदा जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याखाली येऊन रडली. म्हणाली, सकाळी निघताना आईला ‘येते गं’ म्हणते, तर ती नुसती उजव्या हाताची बोटं हलवते, आणि मग दिवसभर मला काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी बळीकाकांनी तिच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक चौकट करून दिली. त्यात आईची खाट दिसायची. ‘झालं. बघ. कुनाला दाखवू नको.’ तेव्हा तिला दार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चार वर्षं ती चौकट तिथं होती. एका गुरुवारी दुपारी आईनं त्या चौकटीत बोटं हलवली, कोणाकडे बघून कोण जाणे, आणि पुन्हा हलवली नाहीत. क्षितिजा तेव्हा बघत होती. एवढं तरी तिला मिळालं होतं.

पुढे ती याच कामाला लागली, पाच वर्षं रोज दारं उघडत-मिटत राहिली, आणि ती चौकट कुठल्या दारानं चालायची हा प्रश्न तिला एकदाही पडला नाही.

“बाकी समदे येतो,” बळीकाका म्हणाले. “तू येते. म्हनून येगलं लिवलं.”

काकींनी तिच्या पाठीवर पट्टीचा हात ठेवला. क्षितिजानं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला.

“काय लिवतेस?”

“अहवालाला माझं उत्तर. चौदा दारं बाहेर जाणारी, कामाची, सगळ्यांची नोंद आहे. पंधरावं...”

“तं खोडून टाक. म्हातारी नाय राहिली, दार काय करायचंय? कोन इचारतो?”

“पंधरातलं एक लपवलं तर उरलेल्या चौदांवर कोण विश्वास ठेवेल काका? आणि नाव न घालता लिहिलं तर ते तुमच्यावरच येणार.”

“मंग मानूस कोनी पन लिव. तुजं नाव नको टाकू. पोट हाय तुज्या मागं.”

तिनं लिहिलं. ‘८५५४: बाहेर जाणारे. क्षितिजा खडपकर यांच्या घरगुती वापरासाठी. रुग्णालयाच्या कामाशी संबंध नाही. जबाबदारी माझी.’ दोनदा वाचलं, फोनचं इंटरनेट जोडलं आणि उमंगला पाठवून दिलं.

त्याचा फोन यायला वीस मिनिटं लागली. तोवर काकींनी चहा केला, उठायला नको म्हटलं तरी.

“मॅडम, सगळं वाचलं,” उमंग म्हणाला. आज आवाजात हसू नव्हतं. “इनबाउंड झिरो, बाहेरून आत एकही दार नाही. माझी मिस्टेक. काकांचं नाव मी रिपोर्टमधून काढतो, पत्राचा प्रश्नच नाही. क्ष-किरणाचं दार पण खोललंय आत्ता, फोटो चाललेत. पण शेवटची लाइन... पर्सनल यूज. आमच्या एचआरनं बघितलं तर एक तारखेचं अवघड आहे. काढू ती?”

“राहू दे.”

“बघा, मी काही बोलणार नाही. कोणाला कळणार पण नाही.”

“राहू दे, उमंग. वहीतही आहे ती.”

तिनं फोन ठेवला. आपण घाबरू असं तिला वाटलं होतं, पण घाबरायलाही अंगात जोर लागतो, आणि तो नव्हता. एक तारखेचं एक तारखेला बघू.

बळीकाकांनी मात्र सगळं ऐकलं होतं. फोनवरचं नसेल, तिचं ऐकलं होतं. त्यांनी पेन मागून घेतलं, शेवटचं पान उघडलं, त्या ओळीच्या पुढे ‘थांब’ लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. मग टोपण लावून पेन परत दिलं.

“पेटीतलं दार बंद कर तू,” ते म्हणाले. “वहीतलं राहू दे.”

काकींनी सोललेले वाल पिशवीत भरून दिले. बसची वेळ झाली होती. आई गेल्यापासून क्षितिजा घरातून निघताना काही म्हणत नसे. अनू सकाळी सहाच्या गाडीनं कॉलेजला जायची, मागे घरात कोणी नसायचं. म्हणणार कोणाला? कुलूप लावायचं आणि निघायचं, पाच वर्षं असंच चाललं होतं.

तिनं चपला घातल्या, वही काखेत धरली.

“येते, काका.”

बळीकाकांना ऐकू गेलं नाही. ते खाली वाकून शेंगांची सालं गोळा करत होते. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, आईला ऐकू जावं म्हणून म्हणायची तितक्या मोठ्यानं.

त्यांनी मान वर केली.

“ये,” ते म्हणाले.